सबस्क्रिप्शन रद्द करण्याआधी: सशुल्क सॉफ्टवेअर सोडून ओपन सोर्सवर कसं यावं

दर महिन्याला पैसे कापून घेणारं सॉफ्टवेअर सोडून ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असं) सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं की बहुतेक लोक पहिल्यांदा 'रद्द करा'चं बटण शोधतात. ते बटण शेवटी दाबायचं असतं. नवीन प्रोग्राम तासाभरात बसतो, पण जुन्या फाइली बाहेर काढायला कधी कधी आठवडा लागतो, आणि त्या काढण्यासाठी जुना प्रोग्राम चालू असावा लागतो.

मुदत संपली की काय होतं ते आधी पाहा. मायक्रोसॉफ्ट ३६५ संपलं की वर्ड आणि एक्सेल उघडतात, पण फाइल फक्त वाचता आणि छापता येते. वनड्राइव्हची १ टीबी जागा ५ जीबीवर येते आणि त्याहून जास्त साठा असेल तर नवीन काही चढवता येत नाही. अडोबीचं फोटो संपादनाचं लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात, पण फोटोत बदल करण्याचा डेव्हलप विभाग बंद होतो. इनडिझाइन या अडोबीच्याच पानमांडणीच्या प्रोग्रामची फाइल तर इनडिझाइनशिवाय जवळजवळ कशातच उघडत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: यादी, फाइली, नवीन प्रोग्राम, महिनाभर दोन्ही सोबत, आणि मग रद्द.

यादी: नावांची नव्हे, कामांची

कार्डाचं किंवा खात्याचं मागच्या १३ महिन्यांचं विवरण काढा. १२ नको, १३ घ्या, कारण वर्षातून एकदा कापली जाणारी रक्कम तारीख थोडी मागेपुढे झाली तर १२ महिन्यांच्या खिडकीतून निसटते. फोनवर घेतलेली सबस्क्रिप्शन विवरणात अॅप स्टोअरच्या नावाने एकत्र येतात, ती फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळी पाहावी लागतात.

प्रत्येक सबस्क्रिप्शनच्या नावापुढे पाच गोष्टी लिहा: नूतनीकरणाची तारीख, कोण वापरतं, मागच्या तीन महिन्यांत त्यात नेमकं काय केलं, फाइली कुठल्या प्रकारच्या आहेत आणि त्या कुठे आहेत. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'फोटोशॉपला पर्याय कोणता' या प्रश्नाचं चांगलं उत्तर नाही. 'फोटोची पार्श्वभूमी काढून पांढरी करायची, आकार कमी करायचा, वर नाव लिहायचं' याचं उत्तर मात्र लगेच मिळतं, कारण ही तिन्ही कामं गिंप हा फोटो संपादनाचा ओपन सोर्स प्रोग्राम करतो. मोठ्या प्रोग्रामच्या शेकडो सोयींपैकी एकेका माणसाच्या वापरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. त्या कोणत्या, हे ज्याचं त्याने लिहून काढायचं.

यादी झाली की काही नावं बाजूला काढा, कारण ती सोडण्यात फायदा नाही. समोरचा माणूस इनडिझाइनची किंवा आफ्टर इफेक्ट्सची (व्हिडिओतल्या इफेक्ट्सचा प्रोग्राम) मूळ फाइलच मागत असेल, ती दुरुस्त करून परत पाठवत असेल, तर पर्याय शोधत बसू नका. एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी, पॉवर पिव्हट किंवा व्हीबीए मॅक्रोंवर चालणारं काम असेल तर तेही तूर्त राहू द्या. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या आराखड्यांच्या) फाइलींची रोज देवाणघेवाण करणाऱ्यांनाही हेच. कार्यालयातल्या पाचपैकी एका संगणकावर सशुल्क प्रत ठेवून बाकी चार मोकळे करणं हा पूर्ण बरोबर निर्णय आहे. सगळं किंवा काहीच नाही असा हट्ट धरणारे साधारण तिसऱ्या आठवड्यात परत जातात.

करारही आत्ताच वाचा. 'मासिक' आणि 'वार्षिक, पण हप्ते मासिक' या दोन वेगळ्या योजना असतात आणि विवरणात सारख्याच दिसतात. दुसरीत मधेच सोडलं तर मुदतपूर्व शुल्क लागतं. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अडोबीवर खटला भरला, त्यातला एक मुद्दा हे शुल्क ग्राहकाला नीट दिसेल असं सांगितलं जात नाही, हाच होता. तुमची योजना या प्रकारची असेल तर नूतनीकरणाच्या तारखेपासून मागे मोजून दोन महिने आधी काम सुरू करा.

फुकट म्हणजे ओपन सोर्स नव्हे

व्हिडिओ संपादनाच्या डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम आहे, टिपणांचं ऑब्सिडियनही फुकट वापरता येतं, पण दोन्हींचा सोर्स कोड बंद आहे. उद्या कंपनीने अटी बदलल्या तर तुम्ही परत आज आहात तिथेच येता. टिपणं ठेवण्याच्या एव्हरनोटच्या मोफत खात्याचं २०२३ च्या अखेरीस तेच झालं: ५० टिपणं आणि एक वही, एवढ्यावर मर्यादा आली. ओपन सोर्स आहे का हे पाहायला परवान्याचं नाव शोधा. जीपीएल, एजीपीएल, एमपीएल, अपाची, एमआयटी यांपैकी काही असेल तर ठीक. 'सोर्स पाहता येईल, पण व्यावसायिक वापर नको' असं लिहिलेलं असेल तर ते ओपन सोर्स नाही.

प्रकल्प जिवंत आहे का हेही तपासा. शेवटची आवृत्ती वर्षभरात आलेली असावी. हे न पाहिल्यास काय होतं याचं ठळक उदाहरण म्हणजे ओपनऑफिस, वर्ड-एक्सेलसारख्या प्रोग्रामांचा मोफत संच. नाव अजून प्रसिद्ध आहे, शोधलं की पहिलं तेच सापडतं, पण २०१४ च्या ४.१ नंतर त्यात फक्त किरकोळ दुरुस्त्या आल्या. २०१० मध्ये त्याच्यातून वेगळं झालेलं लिब्रेऑफिस पुढे निघून गेलं. तेच घ्या.

आणि हो, ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची गरज नाही. या लेखातले जवळपास सगळे प्रोग्राम विंडोज आणि मॅकवर चालतात. लिनक्सवर जायचं असेल तर ते काम वेगळं ठेवा; दोन्ही एकदम केलं की अडचण कुठून आली ते कळत नाही.

फाइली बाहेर काढणं

एक मोठी जागा असलेली बाह्य डिस्क घ्या आणि जुना प्रोग्राम चालू असतानाच पुढचं करा.

वनड्राइव्ह: फोल्डरमध्ये फाइल दिसते म्हणून ती संगणकावर आहे असं समजू नका. नावाशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फक्त सर्व्हरवर आहे. फोल्डरवर राइट-क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळ्या चिन्हांच्या जागी हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मगच बाह्य डिस्कवर कॉपी करा. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर जागा पुरेशी आहे का ते आधी बघा, नाहीतर उतरवणं अर्ध्यावर थांबतं.

गूगल डॉक्स: ड्राइव्हच्या फोल्डरमधल्या जीडॉक फाइली म्हणजे नुसत्या लिंका असतात, त्यांत मजकूर नसतो. त्या कॉपी केल्या तर हाती काहीच लागत नाही. गूगल टेकआउट वापरा, ते या फाइली वर्ड-एक्सेलच्या स्वरूपात बदलून देतं. दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली त्यात येतील असं गृहीत धरू नका, त्या एकेक उतरवा.

लाइटरूम: तुम्ही केलेले बदल फोटोत नसतात, कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. सगळे फोटो निवडून 'मेटाडेटा' मेनूतून 'सेव्ह मेटाडेटा टू फाइल्स' करा. मग तारे, कीवर्ड आणि बदलांच्या नोंदी एक्सएमपीत (फोटोसोबत राहणाऱ्या नोंदींचं स्वरूप) उतरतात. कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी त्यात येत नाहीत. कलेक्शन महत्त्वाची असतील तर प्रत्येकाला एक कीवर्ड देऊन टाका, तो पुढे सोबत येतो. आणि जे फोटो पूर्ण झालेले आहेत, ते १६ बिट टिफमध्ये किंवा चांगल्या प्रतीच्या जेपेगमध्ये एक्स्पोर्ट करा. एक्सएमपीतले बदल दुसऱ्या प्रोग्राममध्ये हुबेहूब तसे दिसत नाहीत, कारण रंग आणि उजेडाचं गणित प्रत्येकाचं वेगळं आहे.

फोटोशॉप: पीएसडी जतन करताना 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू ठेवा, म्हणजे थरांसोबत पूर्ण चित्राची एक सपाट प्रतही फाइलमध्ये राहते. महत्त्वाच्या कामांची टिफ किंवा पीएनजी वेगळी काढा.

इलस्ट्रेटर: एआय फाइल जतन करताना 'क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाइल'वर खूण असेल तरच इंकस्केपला (इलस्ट्रेटरचा ओपन सोर्स पर्याय) ती वाचता येते. खूण नसलेल्या जुन्या फाइली उघडून पुन्हा जतन कराव्या लागतील.

इनडिझाइन: प्रत्येक कामाच्या तीन गोष्टी काढा. आयडीएमएल (इनडिझाइनचं देवाणघेवाणीचं स्वरूप; पानमांडणीचं ओपन सोर्स स्क्रायबस ते उघडतं), पीडीएफ (मूळ कसं दिसत होतं याचा पुरावा) आणि 'पॅकेज' (सगळी चित्रं एका फोल्डरमध्ये).

फॉन्टचा खड्डा बहुतेकांना रद्द केल्यानंतरच दिसतो. अडोबी फॉन्ट्समधून चालू केलेले फॉन्ट सबस्क्रिप्शनसोबत जातात आणि 'पॅकेज' त्यांची प्रत काढून देत नाही. बोधचिन्हासारख्या कायमच्या वस्तूंची, अक्षरं आऊटलाइनमध्ये बदललेली एक प्रत ठेवा. बाकी कामांसाठी मुक्त परवान्याचा जवळचा फॉन्ट शोधून जुना प्रोग्राम हाताशी असतानाच बदलून बघा.

शेवटी पडताळणी. मूळ फोल्डर आणि प्रत यांतली फाइलींची संख्या जुळवा. मग दुसऱ्या संगणकावर, जिथे जुना प्रोग्राम नाही अशा ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षांतल्या वीसेक फाइली उघडून पाहा. सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात मोठ्या फाइली त्यात हव्यातच, अडचण तिथेच निघते.

कुठून उतरवायचं

शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर येणारी जाहिरात दाबू नका. २०२२ मध्ये गिंपच्या नावाने आणि २०२३ मध्ये पासवर्ड जपणाऱ्या कीपासच्या नावाने अशाच जाहिरातींतून घातक प्रोग्राम वाटले गेले. कीपासच्या वेळी तर पत्ताही जवळजवळ हुबेहूब दिसत होता. विंडोजवर विंगेट, मॅकवर होमब्रू (दोन्ही कमांड देऊन प्रोग्राम बसवणारी साधनं) आणि लिनक्सवर वितरणाचं स्वतःचं भांडार किंवा फ्लॅटहब हे प्रोग्रामांचं भांडार वापरलं तर हा प्रश्न बराच सुटतो. लिब्रेऑफिस आणि चित्रकलेचं क्रिता विंडोजच्या स्टोअरमध्ये थोड्या पैशांना दिसतील. ती फसवणूक नाही, विकासाला हातभार म्हणून लावलेली किंमत आहे. त्यांच्या संकेतस्थळांवर तेच फुकट मिळतं.

वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस

१. जुनं ऑफिस न काढता लिब्रेऑफिस बसवा, दोन्ही सोबत नांदतात. बसवताना वर्ड-एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्येच उघडण्याचा पर्याय येतो, त्याची खूण तूर्त काढून ठेवा.

२. 'व्ह्यू' मेनूतल्या 'यूजर इंटरफेस'मध्ये 'टॅब्ड' निवडा. वर्डची रिबन हाताला बसलेल्यांना याने मोठा फरक पडतो, आणि हा पर्याय आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

३. फाइल कशात जतन व्हावी ते ठरवा. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'जनरल' इथे 'ऑलवेज सेव्ह अॅज' आहे. तिथे दस्तऐवज, तक्ता आणि सादरीकरण यांना स्वतंत्र स्वरूप देता येतं. स्वतःपुरत्या फाइली ओडीएफमध्येच (लिब्रेऑफिसचं मूळ स्वरूप) ठेवा. बाहेर पाठवायच्या असतील तर डॉकएक्स, म्हणजे वर्डचं स्वरूप. कारण असं की डॉकएक्समध्ये जतन करताना प्रत्येक वेळी रूपांतर होतं आणि गुंतागुंतीचे तक्ते, मजकूरचौकटी, क्रमांकन यांत थोडं थोडं झिजत जातं. ज्यात समोरच्याने बदल करायचा नाही ते पीडीएफ करून पाठवा.

४. पानं का सरकतात? दहापैकी आठ वेळा कारण फॉन्ट असतो. कॅलिब्री आणि केंब्रिया नसतील तर लिब्रेऑफिस त्यांच्याजागी कार्लिटो आणि कॅलाडिया वापरतं. या जोड्यांची अक्षररुंदी सारखी ठेवलेली आहे, त्यामुळे ओळी तिथेच तुटतात. एरियल आणि टाइम्सला लिबरेशनचे फॉन्ट तसेच. पण मायक्रोसॉफ्टच्या नव्या 'अॅप्टॉस'ला अशी जुळी जोडी नाही. त्यातले महत्त्वाचे दस्तऐवज वर्ड असतानाच कॅलिब्रीत बदलून ठेवा.

५. देवनागरीसाठी: 'ऑप्शन्स'मधल्या भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करून मराठी निवडा. लिब्रेऑफिस रोमन आणि देवनागरीचे फॉन्ट वेगवेगळे सांभाळतं. म्हणून शैलीत फॉन्टचा आकार १४ केला तरी मराठी मजकूर १२ वरच राहतो आणि माणूस चिडतो. परिच्छेदाच्या शैलीत 'फॉन्ट' टॅबवर जटिल लिपीचा (यात देवनागरी येते) वेगळा भाग आहे, आकार तिथेही बदलायचा.

६. एक्सेलच्या फाइली तपासताना एक सापळा आहे. कॅल्क (लिब्रेऑफिसचा तक्त्यांचा प्रोग्राम) एक्सेलची फाइल उघडतं तेव्हा सूत्रं पुन्हा मोजत नाही, एक्सेलने जतन केलेली उत्तरंच दाखवतं. त्यामुळे सगळं बरोबर आहे असं वाटतं. 'ऑप्शन्स', 'कॅल्क', 'फॉर्म्युला' इथे फाइल उघडताना पुन्हा मोजण्याचा पर्याय 'ऑलवेज'वर ठेवा किंवा फाइल उघडून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबा. आता बेरजा एक्सेलशी जुळवा. एक्सलुकअप वापरत असाल तर लिब्रेऑफिस २४.८ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. त्याआधीच्यात हे सूत्र चालतच नाही.

दिवसभर डॉकएक्स फाइलींचीच ये-जा असेल आणि मांडणी जराही हलून चालणार नसेल, तर ओन्लीऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती बघा. ती आतूनच मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपावर चालते. सोयी लिब्रेऑफिसपेक्षा कमी, पण या एका कामात सरस.

पासवर्ड व्यवस्थापक

इथे चूक महागात पडते, म्हणून सावकाश. बरीच माणसं, बरेच फोन असतील तर बिटवॉर्डन; त्याच्या मोफत योजनेत उपकरणांवर मर्यादा नाही. कुठल्याच सर्व्हरवर काही नको असेल तर कीपासएक्ससी, ज्यात सगळं एका सांकेतिक फाइलमध्ये राहतं आणि ती फाइल सांभाळणं तुमच्याकडे.

आधी नवीन तिजोरी उघडा. मुख्य पासवर्ड म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या आणि ते कागदावर लिहून कागद सुरक्षित ठेवा. बिटवॉर्डनवर दोन टप्प्यांची पडताळणी लावत असाल तर परतीचा कोडही त्याच कागदावर. मुख्य पासवर्ड विसरला तर उघडून देणारं कुणीच नाही, 'विसरलात का?' असं बटण इथे उपयोगाचं नाही.

मग जुन्यातून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्स्पोर्ट. या फाइलमध्ये तुमचे सगळे पासवर्ड उघडे असतात, त्यामुळे ती कुठे जतन होते ते बघा. विंडोजचा डेस्कटॉप अनेकदा वनड्राइव्हशी जोडलेला असतो. तिथे ठेवली तर ती दोन सेकंदांत सर्व्हरवर जाते आणि तिथल्या कचराकुंडीत महिनाभर राहते. न जोडलेलं फोल्डर वापरा. फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका, शून्याने सुरू होणारे आकडे तिथे शून्य गमावतात. कीपासएक्ससीत आयात करताना पहिली ओळ रकान्यांच्या नावांची आहे हे सांगा आणि कुठला रकाना कशात जातो ते स्वतः जुळवा.

आयात झाल्यावर नोंदींची संख्या मोजा. मग प्रत्यक्ष लॉगिन करून पाहा: ईमेल, बँक, फोन कंपनी, आणि ज्या पासवर्डांत स्वल्पविराम किंवा अवतरणचिन्ह आहे असे दोन-चार. सीएसव्ही बिघडते ती त्या चिन्हांवरच. जोडलेल्या फाइली आणि पासकी (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायची डिजिटल किल्ली) सीएसव्हीत येत नाहीत. जोडण्या हाताने उतरवा, पासकी प्रत्येक संकेतस्थळावर नव्याने तयार करा. एकदाच वापरायच्या कोडच्या किल्ल्या आल्या का हेही बघा, सगळ्या व्यवस्थापकांचं याबाबत एकमत नाही.

सगळं जुळलं की सीएसव्ही शिफ्ट-डिलीटने काढा. एसएसडीवरून फाइल खरोखर पुसली गेली याची खात्री देता येत नाही, म्हणून संगणकाचं डिस्क एन्क्रिप्शन हे काम सुरू करण्याआधीच चालू असावं. जुनी तिजोरी महिनाभराने काढा, ब्राउझरची स्वतःची पासवर्ड जपण्याची सवय मात्र आजच बंद करा, नाहीतर नवे पासवर्ड दोन ठिकाणी विखुरतात.

फोटो, चित्र, छपाई

गिंपमध्ये पहिल्या दिवशी अडखळायला होतं ते जतन करताना. कंट्रोल-एस दाबलं की फक्त एक्ससीएफ ही गिंपची स्वतःची फाइल बनते. जेपेग किंवा पीएनजी हवं तर कंट्रोल-शिफ्ट-ई, म्हणजे एक्स्पोर्ट. एकदा कळलं की हा फरक सोयीचाच वाटतो. मार्च २०२५ ची ३.० किंवा पुढची आवृत्तीच घ्या. त्यात फिल्टर थरावर वेगळे राहतात आणि नंतर बदलता येतात. याआधी एकदा लावलेला फिल्टर म्हणजे दगडावरची रेघ होती. पीएसडी उघडते, पण स्मार्ट ऑब्जेक्ट आणि मजकुराचे थर जसेच्या तसे येतील अशी आशा ठेवू नका.

हाताने चित्र काढणाऱ्यांनी गिंपकडे न जाता क्रिता घ्यावं. रेषाकृती आणि बोधचिन्हांसाठी इंकस्केप. छपाईचं काम असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गिंप आणि इंकस्केप दोन्ही मुळात आरजीबीवर, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीवर चालतात, छपाईच्या शाईच्या रंगांवर नाही. चित्र आरजीबीत तयार करा, स्क्रायबसमध्ये मांडणी करा, रंगव्यवस्थापन चालू करा, छापखान्याने दिलेली आयसीसी प्रोफाइल (रंग कसे छापले जातील याची फाइल) जोडा आणि तिथून पीडीएफ/एक्स-३ किंवा एक्स-४ (छपाईसाठीची पीडीएफ) काढा. पहिल्या कामाचा नमुना छापून घेतल्याशिवाय पूर्ण प्रत छापायला देऊ नका.

लाइटरूमच्या जागी डार्कटेबल. त्यात डझनावारी मॉड्यूल (एकेका बदलाची साधनं) आहेत आणि पहिल्या आठवड्यात सगळी उघडून बघण्याचा मोह आवरा. एक्स्पोजर, सिग्मॉइड आणि 'कलर बॅलन्स आरजीबी' या तिघांवर बरेचसे फोटो निघतात. कॅमेरा नवा असेल तर त्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइली वाचता येतात का ते आधी पाहा.

बाकीचं थोडक्यात

व्हिडिओसाठी केडेनलाइव्ह, त्याहून साधं हवं तर शॉटकट. अडोबी प्रीमियरचे प्रकल्प यांत तसेच्या तसे आणता येत नाहीत. हातातली कामं जुन्यात संपवा आणि नवीन काम नव्यात सुरू करा. ४-के चित्रीकरण अडखळत चालत असेल तर संगणकाला दोष देण्याआधी प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये 'प्रॉक्सी' (संपादनापुरती हलकी प्रत) चालू करा.

पीडीएफ जोडणं-तोडणं पीडीएफसॅम बेसिकमध्ये होतं, टिपा लिहिणं आणि सही करणं ऑक्युलरमध्ये. स्कॅन केलेल्या पानांतून शोधता येईल असा मजकूर काढायला ओसीआरमायपीडीएफ. ते कमांडवर चालतं, पण काम चोख. गोपनीय मजकूर झाकताना वर काळी चौकट काढून भागत नाही, खालची अक्षरं कॉपी करता येतात. लिब्रेऑफिसमधला 'टूल्स'खालचा 'रिडॅक्ट' वापरा.

टिपणांसाठी जॉप्लिन. एव्हरनोटमधून एकेक वही ईएनईएक्समध्ये (एव्हरनोटचं निर्यात-स्वरूप) काढा, कारण आयात करताना फाइलचं नाव हेच वहीचं नाव होतं. सगळी टिपणं एकाच फाइलमध्ये काढली तर सगळ्यांचा एकच ढीग होतो. टिपणांतल्या आपापसांतल्या लिंका तुटू शकतात, त्या तपासा.

ढगातली जागा

दोन रस्ते आहेत. सिंकथिंग तुमच्याच उपकरणांमध्ये थेट फाइली जुळवतं, मधे सर्व्हरवर काही साठत नाही. मर्यादा अशी की दोन्ही उपकरणं एकाच वेळी चालू असावी लागतात. एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते, त्यामुळे हा बॅकअप नव्हे. फोल्डरच्या सेटिंगमध्ये 'स्टॅगर्ड' प्रकारचं आवृत्तीजतन चालू करा आणि बाह्य डिस्कवरचा बॅकअप वेगळा ठेवा. अँड्रॉइडचं मूळ अॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं, तिथे सिंकथिंग-फोर्क वापरतात.

दुसरा रस्ता नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी साठवणसेवा. त्यात दिनदर्शिका, संपर्क, लिंक देऊन फाइल पाठवणं असं सगळं मिळतं, पण सर्व्हर सांभाळावा लागतो. अद्ययावत करताना मोठी आवृत्ती ओलांडून उडी मारता येत नाही, एकेक पायरीच चढावी लागते. बॅकअप म्हणजे फाइलींचं फोल्डर, डेटाबेस आणि कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली) हे तिन्ही. नुसत्या फाइली जपल्या तर शेअरिंग आणि दिनदर्शिका परत येत नाहीत. महिन्यातले दोन तास याला द्यायची तयारी नसेल तर नेक्स्टक्लाउड चालवून देणाऱ्या सेवेला पैसे द्या. पैसे दिले तरी फाइली हव्या तेव्हा दुसरीकडे नेता येतात, मुद्दा तोच होता. ईमेलचा सर्व्हर मात्र घरी चालवायच्या भानगडीत पडू नका. पाठवलेली पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात आणि कारण शोधण्यात आठवडे जातात.

महिनाभर दोन्ही, मग रद्द

एका वेळी एकच प्रोग्राम बदला. महिनाभर रोजचं काम नव्यात करा आणि ज्या ज्या वेळी जुना उघडावा लागला, तेव्हा कशासाठी ते एका ओळीत लिहा. महिन्याच्या शेवटी त्या ओळी वाचा. तेच एक काम पुन्हा पुन्हा दिसत असेल तर त्या कामापुरता मार्ग शोधा किंवा तो प्रोग्राम राहू द्या.

रद्द करताना:

- गटाचं किंवा कुटुंबाचं खातं असेल तर बाकीच्यांना आधी सांगा, त्यांच्या फाइलीही त्याच जागेत असतात.
- फोनवरून घेतलेलं सबस्क्रिप्शन अॅप काढून टाकल्याने थांबत नाही, ते स्टोअरमध्ये जाऊन थांबवावं लागतं.
- काही सेवा भरलेल्या मुदतीपर्यंत चालतात, काही त्याच क्षणी बंद होतात. बटणाखालचा मजकूर वाचा आणि शंका असेल तर नुसतं स्वयंचलित नूतनीकरण बंद करा.
- रद्द झाल्याचा ईमेल आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. खातं मात्र लगेच पुसू नका, पावत्या आणि एखादी राहिलेली फाइल तिथेच असते.

त्यानंतर फाइलींचे प्रकार नव्या प्रोग्रामला जोडा आणि जुना काढून टाका. पुढची दोन विवरणं तपासा. वार्षिक योजनेची पुढची तारीख दिनदर्शिकेत आठवडाभर आधीच्या सूचनेसह टाकून ठेवा.